चार बोटे उंच काच

कळमनुरी
१४ डिसेंबर १९७५

ती. मामांना,

तातेरावचा नमस्कार. आशाची तब्येत ठीक आहे. थंडी वाढली आहे. गुरांच्या दवाखान्याच्या कामासाठी रोज पाच-सहा गावे फिरतो, मोटारसायकल अजून कुरकुर करत नाही. तुमच्याकडे कुरुंद्याला हळद उकडायला अजून अवकाश असेल.

पत्राचे कारण किरकोळ आहे. गाडीच्या पुढच्या काचेला वरून प्लॅस्टिकचा जोडतुकडा बसवला. जळबा मिस्त्रीने आधी पुठ्ठा कापून माप घेतले, मग प्लॅस्टिकवर पाणी सोडत हळूहळू चार भोके पाडली. घाई केली की तडकते. बोल्टखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, कड कानशीने घासली. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे बघ्यांना तोटा नव्हता.

जुनी काच दोन वर्षांपूर्वी याच जळबाने बसवली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, मागं बाई बसनार ना? त्यांचं माप काहून घेऊ देत न्हाई?" मी म्हणालो, माझ्याच मापाची कर. आशा माझ्यापेक्षा चार बोटे उंच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या फोटोत माझ्या पायाखाली वीट तुम्हीच सरकवलीत आणि तिच्या निऱ्यांआड झाकलीत. भर बाजारात तिला गाडीवर बसवून ती चार बोटे लोकांना दाखवायची मला लाज वाटली. जळबा हसला तेवढा.

काच माझ्यापुरती झाली. वारा माझ्या डोक्यावरून थेट तिच्या तोंडावर जायचा.

आता मागच्या माघातले. आम्ही तुमच्याकडे यायला निघालो आणि पोचलो नाही. तुम्ही दिवसभर वाट पाहिलीत. नंतर आशाला ताप आल्याचे कार्ड मिळाले. मामा, ताप नव्हता. बाळापूरच्या पुढे बोचरा वारा होता, धूळ होती. तिने दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरला, खड्डा आला आणि ती पडली. तिला तिसरा महिना होता. तेच सांगायला आम्ही येत होतो. ते लेकरू गेले.

कार्डावर काय लिहायचे ते मी सांगितले, तिने लिहिले. मला तुमची भीती वाटली.

तेव्हापासून ती गाडीवर बसली नव्हती. परवा मापासाठी बोलावले तर आली, मागे बसली. जळबाने पुठ्ठ्यावर खडूने रेघ मारली. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "बाई तर साहेबाहून उंच हाय की."

मी म्हणालो, "व्हय, हाय."

आशा खाली उतरली आणि तुमच्याबद्दल एवढेच म्हणाली, "आता आबांना खरं लिवा. मंग बसते."

म्हणून हे लिहिले. नव्या तुकड्यामुळे मला रस्ता काचेतून बघावा लागतो, पण सवय होईल. तुमचे उत्तर आले तर त्या रविवारी दोघे गाडीवर येऊ. नाही आले तर ती एस.टी.ने एकटी येईल. तिला काही बोलू नका. चूक तिची नव्हती.

मामींना नमस्कार सांगा. ओसरीवरचा लग्नाचा फोटो कोणी बघत असेल, तर विटेचे सांगायला आता हरकत नाही.

आपला,
चार बोटे बुटका जावई
तातेराव