जार्डिनिअरला हात लावू नये

२ एप्रिल
पाडवा पार पडला आणि माझं विलायती जार्डिनिअर वाचलं. वनमाला देवाची भांडी घासता घासता चिंचेचा गोळा घेऊन थेट माझ्या कपाटापर्यंत आली होती. मी आडवा उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोला परत शांतपणे समजावलं: विलायती पितळेवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते त्या वस्तूचं वय असतं. तिचं एकच, घंगाळ हाय, घंगाळासारखं चकचकीत ठेवावं.

म्हटलं, हे घंगाळ नव्हे, जार्डिनिअर आहे. इंग्रज लोक दिवाणखान्यात ह्याच्यात झाड लावायचे. दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं, तोंडात कड्या, खाली पंजाचे पाय. घंगाळाला पंजे असतात का?

"एवढ्या चांगल्या घंगाळात माती घालायची?" म्हणाली आणि निघून गेली. कपाटाला नवं कुलूप आणलं.

५ एप्रिल
संग्रह पुसला, कोरड्या फडक्यानं. निखारे उचलायचे चिमटे, विस्तव सारखा करायच्या सळया, कोळशाची बादली, हातभाता, शेकोटीपुढचा नक्षीदार कठडा. इंग्लिश फायरप्लेसचं सामान जमवणारा बीड जिल्ह्यात मी एकटा. मराठवाड्यातही बहुतेक मीच. लोक विचारतात, फायरप्लेस कुठं हाय? बाहेर बेचाळीस डिग्री. उत्तर तयार ठेवलंय: भिंतीवर तलवार लावणारा रोज लढाईला जातो का? अजून कुणाला दिलं नाही. योग्य माणूस भेटला पाहिजे.

९ एप्रिल
योग्य माणूस भेटला! पुण्याचे सोमनाथ सर. जुन्या विलायती वस्तूंमधले मोठे जाणकार. मेअखेर संभाजीनगरला प्रदर्शन भरवतायत. मी संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला जार्डिनिअरच्या बुडाच्या शिक्क्याचा फोटो बघून स्वतः घरी यायचं म्हणतात. अर्थात बघायचा असणार सगळाच संग्रह. मोठी माणसं अशी एका वस्तूचं निमित्त करतात. अट एकच: वस्तू आहे तशीच राहू द्या, घासू नका, खरवडू नका. मी लिहिलं, सर, माझ्या घरात त्याबाबत शिस्त आहे.

लगेच प्रदर्शनासाठी कार्ड लिहून ठेवलं: 'श्री. त्रिंबकराव यांचा खासगी संग्रह.' बस्स. अंगदचा उल्लेख नको. अंगद माझा धाकटा भाऊ, पंचायत समितीचा सभापती. त्याला सायकल मी शिकवली. पण बँकेत जा, दवाखान्यात जा, हे कोण? हे सभापतींचे भाऊ. गेल्या श्रावणात कपिलधारला गेलो, तिथला चहावाला म्हणतो, सभापतींच्या भावाकडून पैसे न्हाई घेत मी. जबरदस्तीनं दिले. एकदा, एकदाच, लोकांनी मला माझ्यामुळं ओळखलं पाहिजे. मग मेलो तरी चालेल.

१७ एप्रिल
अंगदच्या पोरीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. दहा मे, बीडला, गोरज मुहूर्त. आमच्यात थोरल्या चुलत्याकडून पुतणीला पितळी घंगाळ जातं. वनमाला म्हणते, बीडला जाऊन घेऊन या. आणतो. वेळ भरपूर आहे.

पेपरात संग्रहाची बातमी आली. हेडिंग: 'सभापतींच्या भावाचा आगळा छंद'. पेपर गोठ्यात टाकला.

२४ एप्रिल
आश्रुबा धनगराच्या शेळ्या फाटकाजवळच्या माझ्या लोखंडी प्लांटरमधलं पाणी प्यायल्या. तो खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवतो, म्हणून मी नेहमी गप्प बसतो. आज बोललो. ती इंग्लिश ओतीव लोखंडाची कुंडी आहे, हौद नव्हे. म्हणाला, तात्या, जनावराला तान लागल्यावर काय कळतंय. वर विचारतो, कुंडीत झाड कावून न्हाई? सांगितलं, पावसाळ्यात लावणार. गुलाब जळाले ते त्याला सांगायची गरज नव्हती.

घंगाळाला जाणार होतो. ऊन फार.

३ मे
घंगाळ राहिलंच. उद्या नक्की.

५ मे
सरांचा फोन. दहा तारखेला सकाळी येतात. म्हणजे लग्नाच्याच दिवशी! नाही म्हणायची हिंमत झाली नाही. परत येतील ह्याचा काय भरवसा? सकाळी संग्रह, संध्याकाळी लग्न. नीट प्लॅनिंग केलं की सगळं बसतं.

७ मे
संभाजीनगरला हॉल बघून आलो. उजेड चांगला आहे. जार्डिनिअर मधोमध.

निघायच्या आधी सरांना बुडाचा आणखी एक फोटो हवा होता, म्हणून ते पडवीत बाहेर काढलं. तेवढ्यात एसटी चुकते की काय असं झालं. परत कपाटात ठेवून कुलूप लावलं असणारच. मी असलं विसरत नाही.

एसटीत वनमालाचा फोन. घंगाळाचं काय? गाडीत हा गलका. म्हटलं, घरात पितळेचं एवढं पडलंय, त्यातलं एखादं चांगलं बघून दे, आणि आता मला विचारू नको. म्हणजे माळ्यावरची आईची घागर. न सांगता कळण्यासारखं आहे. प्रश्न मिटला.

८ मे
कुलूप तपासलं. जागच्या जागी आहे. किल्ली दहा तारखेपर्यंत खिशातून काढायची नाही.

वनमाला बीडहून खुशीत आली. भांड्याचं काम लई झ्याक झालं म्हणे. तिचं कौतुक केलं. घरभर चिंचेचा वास येतोय. आमटी असावी.

१० मे, सकाळ
सर आले. चहा झाला. कुलूप उघडलं. मधला कप्पा रिकामा.

माळा, कोठी, बाजेखाली, सगळीकडं बघितलं. वनमाला कालपासून बीडला मंगल कार्यालयात, फोन उचलत नाही. मग डोक्यात आलं, आश्रुबा. कुंडीवरून बोललो त्याचा डूख धरला असणार. तसाच त्याच्या पालावर गेलो आणि चारचौघांत चोर म्हणालो. पोलिसांचं नाव काढलं. त्यानं स्वतःच्या हातानं एकेक बोचकं सोडून माझ्यापुढं पसरलं. गोधड्या, दोन पातेली, पोराचं दप्तर. त्याची बायको छबुबाई एवढंच म्हणाली, "बघून घ्या तात्या. मंग आमाला बांधायचं हाय."

परत आलो तर सर एकेक वस्तू उलटी करून बघत होते आणि परत जागेवर ठेवत होते. फार प्रभावित झालेले दिसले.

११ मे
काल पुढचं लिहिणं झालं नाही.

सरांच्याच गाडीतून बीडला गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं. चिमटे, सळया, बादली, कठडा, सगळा नवा माल. ओतून, काळा करून विकतात. "तुमच्याकडं एकच वस्तू अस्सल होती. मी तिच्यासाठीच आलो होतो."

जेवूनच जा म्हणून सरांना घेऊनच कार्यालयात शिरलो. समोर रुखवत मांडलेलं. शेवया, कुरडया, मोत्यांचं तोरण. आणि मधोमध, चांगल्या उजेडात, माझं जार्डिनिअर. पिवळंधमक. सिंहाच्या जिभासुद्धा घासलेल्या. काठाभोवती मशीननं अक्षरं टाकलेली, दुकानात भांड्यावर टाकून देतात तशी, खोल. सरांनी चष्मा लावला आणि भोवती फिरत मोठ्यानं वाचलं:

'चि. सौ. कां. संस्कृती हिस सप्रेम भेट. सभापती अंगदराव यांचे थोरले बंधू त्रिंबकराव यांजकडून.'

वनमाला धावत आली. चेहरा नुसता फुललेला. तुम्हीच म्हणाला घरातलं चांगलं बघून दे, ते पडवीतच ठेवलं होतं, मला वाटलं माझ्यासाठीच काढून ठेवलं. चिंच लावून हात सोलले. आणि मग म्हणाली, "मी नुस्तं त्रिंबकराव सांगितलं होतं. दुकानदार म्हणला, कोण त्रिंबकराव? मंग त्यानंच ते वरचं टाकलं. लोकायला कळाया पायजे ना."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला हळूच म्हणाले, "आता हे घंगाळच आहे." जेवायला थांबले नाहीत.

मी उचलणार होतो ते. खरंच उचलणार होतो. हात कडीला लागला होता. तेवढ्यात अंगद आला. सगळ्या पाहुण्यांसमोर वाकून पाया पडला, डोळे भरलेले. "दादा, तुमी तुमच्या कपाटातलं दिलंत." त्याला ठाऊक होतं त्या कपाटाला मी कुणाला हात लावू देत नाही. म्हटलं, घरचंच आहे. मला रडू आलं ते आवरेना. लोक म्हणाले, पुतणीवर लई जीव.

१४ मे
संस्कृतीचा फोन. घंगाळ तिच्या सासूला फार आवडलं. अंगणात पाणी भरून ठेवलंय, आल्यागेल्याला पाय धुवायला. येणारा प्रत्येकजण काठावरचं वाचतो म्हणे.

आश्रुबाची माफी मागायला गेलो. आमच्या रानातून त्यानं पाल उठवलंय. फाटकाजवळची कुंडी काठोकाठ भरून ठेवली होती, सकाळपासून एक शेळी फिरकली नाही. नारायणगडाच्या बाजूला गेलाय असं कळलं, म्हणून मोटारसायकल काढली. उन्हात फिरून फिरून एक पाल सापडलं. त्याचं नव्हतं, पण त्याच्या पाव्हण्यांचं होतं. आश्रुबा मेंढरं घेऊन वर गेलाय म्हणाले, संध्याकाळी येईल. एका म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून विचारलं, तुमी कोण?

त्रिंबकराव, म्हटलं. तो तसाच बघत राहिला.

सभापतींचा भाऊ, म्हटलं. लगेच सावलीत बाज टाकली, तांब्याभर पाणी आणून दिलं. बसून राहिलो.