हुकापाशी भेटणारे मणी

१२ नोव्हेंबर, बुधवार

रविवारच्या पानावर लिहिलं आहे, 'वेगवेगळ्या माळा पस्तीस होतात.' चूक. तीसच होतात. दुरुस्त करून ठेवते.

मनगटी माळ, नऊ मणी: सहा काळे लाकडी, तीन पितळी. पितळीला पितळी लागू द्यायचा नाही, घासून झिलई जाते. हा बाबांचा नियम. सहा काळे मांडले की दोन्ही टोकं धरून सात जागा, त्यांतल्या तीन निवडायच्या. एका टोकाला हूक, दुसऱ्याला कडी, म्हणून उलटी माळ वेगळीच धरायची. पस्तीस. पण मी मणी ताटात रांगेने मांडले होते. हूक लावला की टोकं एकमेकांना भेटतात! दोन्ही टोकांना पितळी आणि तिसरा मधे, अशा पाच. त्या बाद.

शाळेआधी बाबांनी मोजायला शिकवलं ते न बांधलेल्या दोऱ्यावर. माझ्या डोक्यातला दोरा अजून उघडाच.

अडचण ही, की अमडापूरच्या लेझीम पथकात बायका बत्तीस. पथकाच्या शोभाताईंना मी फोनवर सांगून बसले, "बिनधास्त राहा, पस्तीस होतात." त्यांच्या अटी दोन. एकीसारखी दुसरीची नको, आणि मणी कुणाला कमीजास्त नको. मागच्या वेळी सगळ्या सारख्या होत्या; तालमीनंतर अदलाबदल झाली आणि दोन जावांचा अबोला.

१३ नोव्हें., गुरु.

एकाच दोऱ्यावर एकेक करून सगळ्या ओवून, हूक लावून पाहिल्या. तीस. आता शंका नाही.

आई म्हणाली, "दोघीतिघींले सारख्या दे. कोन मोजते?"

बाबा हसले. "शोभाताई मोजते. मागं तिनं पोतीचे मनी दोनदा मोजून घेतले व्हते."

मी म्हटलं, त्या पाचांतल्या दोन तशाच ओवू का? हूक मनगटाखाली जातो, दिसतं कुणाला?

"डोयाले नाही दिसत, रेखे. पितळेले समजते."

विचारायलाच नको होतं.

१४ नोव्हें., शुक्र.

सुचलं! हुकापाशी एक काळा मणी जास्तीचा. टोकं लागतच नाहीत. पाचही माळा चालतात, पुन्हा पस्तीस. आपल्याला तर दोनच हव्यात.

बाबांनी ओवून, ओढून पाहिली. "हिशोब बरोबर हाय. पन सैल होते. बारीक हाताची असली त लेझीम फिरवताना निंघून जाईन."

म्हणजे दोन भरदार मनगटं हवीत. आणि दुसरी अट मोडते. सगळ्यांनाच दहा मणी दिले तर सगळ्यांच्याच सैल.

पथकात सर्वात भरदार हात शोभाताईंचा. पहिली दहा मण्यांची त्यांनी घातली, तर दुसरी कुणीही हसत घेईल. पण त्यांना सांगायचं कुणी?

"पस्तीस तू बोलली," बाबा म्हणाले. "मी नाही."

बरोबर आहे. फोनवर माझा आवाज बारीक होतो. समोर जायचं, आधी नऊ मण्यांची चुकीची माळ त्यांच्या मनगटावर लावायची, दोन पितळी कुठे भेटतात ते दाखवायचं, मग दहाची. हिशोबाची भीती नाही; तो मी चारदा ताडून पाहिलाय. "सगळ्यायले नऊ, मले दहा काऊन वं?" असं विचारतील तर सरळ सांगेन, तुमचा हात...

नाही, ते तिथेच सुचेल.

पथकाच्या माळा तोवर ओवू नका, बाबांना सांगितलं. रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळच्या गाडीने चिखली, तिथून अमडापूर. तालीम सुरू व्हायच्या आत.