हन्तुम् की नन्तुम्

सोम., ६ फेब्रु. ८४
सकाळी पूर्णगडचे बाबूशेठ आले. यांच्या बोटींतून उतरलेली घड्याळं निम्म्या रत्नागिरीच्या मनगटावर. मी वार्ताहर, पण ही बातमी गेली दहा वर्षं जागेअभावी राहून जाते.
शेठची मुलगी सुनंदा माझ्याकडे संस्कृत शिकते. तिच्या पुस्तकात चिठ्ठी सापडली. 'ह्यात काय लिवलाय ता सांगा गुरुजी. खोटा नको.'
अक्षर विजयचं. माझाच जुना विद्यार्थी, पस्तीस मार्कांचा. त्याचा बाप दत्ताराम, शेठचा भागीदार, दोन वर्षं तुरुंगात. फितुरी शेठनीच केली, हे अख्ख्या पूर्णगडला ठाऊक.
चिठ्ठीत: 'प्रिये, रविवारे तव पितरं हन्तुम् आगमिष्यामि.' रविवारी तुझ्या वडिलांना मारायला येतो. प्रेमपत्रात हे? 'नन्तुम्' हवं, नमस्कार करायला. एका अक्षराचा फरक. पोरगं चुकलं, की पहिल्यांदाच बरोबर लिहिलं?
गंभीर चेहऱ्याने वाचलं, 'नन्तुम्. पाया पडायला येतोय.'
शेठ 'बरा' म्हणाले. चिठ्ठी खिशात. चहा अर्धा टाकून गेले.

मंगळ., ७
विजयला बर्फाच्या कारखान्यावर गाठलं. धातू कोणता रे, हन् की नम्? हसला. 'गुरुजी, वर्गात तुम्ही तरी उत्तर आधी कधी सांगितलंत?'
सौ.ला सांगितलं, रविवारी मीही जातो. म्हणाली, धोतर धुतलेलं नेसा, पेपरात फोटो यायचा.

रवि., १२
पूर्णगड. शेठ ओटीवर, सुनंदा दारात, मी मधे, अव्ययासारखा.
विजय वाकला. हात पायांशी पोचण्याआधीच शेठनी मनगट धरलं. बराच वेळ सोडेनात. मनगटावर दत्तारामचं घड्याळ. त्याने नि शेठनी एकाच पेटीतून काढलेलं. जोडीचं शेठच्या हातात.
'दत्ता कधी सुटताय?'
'शिमग्याआधी.'
'मग तेव्हा बोलू.' मनगट सोडलं. विजय पाया पडला, नीट, दोन्ही हातांनी. सुनंदाने पोहे आणले. नारळ सढळ. मी दोनदा घेतले.

गुरु., १६
शेठकडून सुरमई आली. सोबत ती चिठ्ठी. 'ह'भोवती हिरव्या रंगाचं वर्तुळ, बोटींवर असतो तोच हिरवा. बोटींवरची नावं शेठ स्वतः रंगवतात, हे मी पंडित साफ विसरलो होतो. म्हणजे अक्षर वाचता येतं; मी 'ह'चा 'न' केला हे सोमवारपासूनच ठाऊक, आणि तरी रविवारी पाय मागे घेतले नाहीत.
सुरमई फक्कड. सौ. खूश, मीही.
संध्याकाळी सुनंदा धड्याला आली. वही उघडून, मान खाली घालून: 'गुरुजी, नन्तुम् बरोबर की हन्तुम्?'
म्हटलं, रूपं दोन्ही शुद्ध. अर्थ वाक्य पुरं झाल्यावर कळतो.
'वाक्य कधी पुरं होणार?'
शिमग्याला महिना आहे.