उभ्यानं खाल्लेलं

माय, मी आता सगळ्यांबरोबर जेवायला बसते. माझं ताट वाढून घेते, मांडी घालते आणि सावकाश जेवते. हे ऐकून तू पदर सावरत म्हणाली असतीस, "घरातल्यांचं व्हायच्या आत? शोभतं व्हय गं?" म्हण, खुशाल म्हण. तुला जाऊन वीस वर्षं झाली, आता उलट बोलायला मी भीत नाय.

त्याचं असं झालं. जिना चढताना माझे गुडघे बोंबलायला लागले, साखरही वाढायच्या बेतात आलेली. तुझा नातू मला गाडीवर बसवून औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. वाटेत म्हणतो कसा, "आई, जरा पुढं सरक, गाडी पुढून उचलतीये." असा राग आला! डॉक्टरीण पोरगीच होती. तिनं विचारलं, दिवसभरात काय खाता? मी ठसक्यात सांगितलं, दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण. मला मेलीला वाराही अंगी लागतो. ती हसली आणि हातात वही दिली. "ताई, आठ दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहा. उभ्यानं खाल्लेलंसुद्धा."

उभ्यानं खाल्लेलं! हिला कुणी सांगितलं? लिहायला घेतलं आणि माझीच मला लाज वाटली. पोरानं टाकलेला अर्धा पराठा. ह्यांच्या डब्यातून परत आलेला भात. कढईच्या कडेची खिचडी. शेजारच्या खालांनी ईदला दिलेला शीरखुर्मा, दुसऱ्या दिवशी कुणी हात लावेना म्हणून वाडगाभर मीच संपवलेला. आणि हे सगळं झाल्यावर माझ्या त्या दोन पोळ्या. अगं माय, घरातलं काही वाया जाऊ नये म्हणून मी स्वतःचीच कचरापेटी करून ठेवली होती.

आणि हे मला शिकवलं कुणी? तूच ना. बजाजनगरच्या त्या दोन खोल्या मला अजून दिसतात. खिडकीपाशी स्टोव्ह, त्याच्या बाजूला पिठाचा डबा. बाबा आणि आम्ही दोघं भावंडं जेवून उठतो, आणि तू ओट्याला टेकून उभी, पिठल्याची कढई बोटानं निपटत असतेस. "अन्न टाकू नये गं, पाप लागतं," म्हणतेस. एकदा मी शेपूची भाजी ताटात ठेवून उठले तर माझं मनगट धरून परत बसवलंस, आणि शेवटचा घास जाईपर्यंत समोरून हलली नाहीस. फरक एवढाच, की तुझ्या घरात मागं काही उरायचंच नाही. तू शेवटपर्यंत काडीसारखी राहिलीस. माझ्या घरात सगळ्यांनाच टाकायची सवय, आणि मी तुझ्यासारखीच ओट्याशी उभी.

पहिल्या आठवड्यात उष्टा पराठा टाकून देताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. तू मागं उभी आहेस असंच वाटलं. मोरीत भांडी घासता घासता रडले बघ. मग डोकं चालवलं. आता कणीकच कमी भिजवते. पोराला सांगितलंय, आधी अर्धाच घे, लागला तर परत माग. उरलं तर झाकून ठेवते, सकाळी त्याचंच काहीतरी करते. माझ्या ताटात एक भाकरी, भाजी दुप्पट, काकडी नाहीतर मुळा. सणाला पुरणपोळी खाते, पण बसून, एकच, जीव भरून. वजन घाईनं नाही उतरलं. एखाद्या महिन्यात किलोभर, एखाद्यात काहीच नाही, दिवाळीत तर थोडं वाढलंच. दीड वर्षात तेरा किलो गेलं. परवा छावणीच्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत घरी आले, गुडघा कुरकुरला नाही. तेव्हा तुझी एवढी आठवण आली की काय सांगू.

कारण आता ताट घेऊन बसले की एक दुपार समोर येते. बाबांना कावीळ झाली होती, महिनाभर कामावर जाता आलं नव्हतं. त्या दुपारी पीठ संपत आलेलं. तू चारच भाकऱ्या थापल्यास. बाबांना एक, दादाला एक, मला एक. माझी खाऊन झाली आणि मी म्हटलं, "माय, अजून एक." तू टोपलीतली भाकरी माझ्या ताटात टाकलीस. "खा, माझं झालंय," म्हणालीस, आणि तांब्याभर पाणी पिऊन धुणं घेऊन बाहेर गेलीस.

हे त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. कुठं पाठवणार? वही अजून दर महिन्याला डॉक्टरीणबाईंना दाखवावी लागते, तेव्हा ही पानं फाडून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण लिहायचंच आहे तर सगळं लिहिते, तिनं तसंच सांगितलंय. तुझं जेवण झालेलं नाही हे मला माहीत होतं, माय. टोपलीत एकच उरली आहे, हे बघूनच मी मागितली होती.