पाट आणि माठ

आई, मागच्या खेपेला तुला लिहिलं त्यात एक चूक झाली. माझ्या वर्गातली ती माळ्याची मुलगी मुकी आहे आणि तिला काही समजत नाही, असं मी लिहिलं होतं. सगळं मंगरूळ तिला मुकी म्हणतं, तसं मीही लिहून गेले. खरं म्हणजे ती बहिरी आहे, आणि तिला समजतं पुष्कळ. हे मला काल कळलं, आणि कळल्यापासून जिवाला स्वस्थता नाही.

बुधवारी तपासणीला डिप्टी साहेब येणार, म्हणून काल मोठ्या बाईंनी स्वतः माझ्या वर्गाचं शुद्धलेखन घेतलं. ती मुलगी पहिल्या ओळीत बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बाई 'पाट' म्हणाल्या, तिनं 'माट' लिहिलं. 'बाळ' म्हणाल्या, तिनं 'माळ' लिहिलं. बाईंनी तिची पाटी वर धरून वर्गाला दाखवली. मुली हसल्या. "हिचं नाव काढून टाका," त्या मला म्हणाल्या. "साहेबांनी नेमकं हिलाच उठवलं म्हणजे? तुमची नेमणूक अजून कच्ची आहे, विसरू नका. अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात मुंबईकडे." मी 'हो' म्हणाले. त्यांनी पाटी माझ्या हातात दिली, आणि त्यावरचं 'माट' वाचताना मला आपलं स्वयंपाकघर दिसलं.

पंगत बसली आहे. एक पाहुणा जास्तीचा आला आहे. बाबा दारातून तुला सांगतात, "अवं, आनखी एक पाट आन." आणि तू पाण्यानं भरलेला माठ पोटाशी धरून, लुगडं भिजवत पंगतीत येतेस. पाहुण्यांना हसू आवरत नाही. मुदतीच्या तापानं तुझे कान गेले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तू माठ खाली टेकवतेस आणि त्या नव्या, सपाट आवाजात म्हणतेस, "हासता कायले? दोन्हीले ओठ सारखेच हालते. आरशापुढं बोलून पाहा." बाबांनी खरंच आरसा घेतला. प, ब, म म्हणून पाहिलं. ओठ एकसारखेच मिटले. तेव्हापासून आपल्या घरात 'म' म्हणताना नाकाला बोट लावायचं आणि 'ब' म्हणताना गळ्याला. चुलीपुढच्या राखेत तू मला अक्षरं शिकवलीस तीही अशीच. पुढे शाळेत 'मामा' वाचताना मी दोनदा नाकाला बोट लावलं, तर पंतोजी म्हणाले, "शेंबूड आला काय वं?"

काल शाळा सुटल्यावर मी त्या मुलीपुढे दारात, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले. आधी नुसतं 'पाट', मग नाकाला बोट लावून 'माठ'. तिनं थोडा वेळ माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि पाटीवर 'म' काढला.

तिला घरी सोडायला मळ्यात गेले. तिची आई मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करताच म्हणाली, "नाव काढून राह्यले ना बाई इचं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"इनंच. दुपारी जेवाले आली तवा," म्हणत तिनं लेकीकडे बोट केलं, आणि लेकीनं तेवढ्यात हाताच्या तळव्यानं पाटी पुसून दाखवली. मी मुंबईच्या शाळेचं बोलून पाहिलं. "मुंबई कोनं पाह्यली, बाई? तिचा बाप म्हन्ते, शाळेत नाई ठेवत तं त्या किन्हीराजा गावच्या बिजवराले देऊन टाकू. पोरगी नऊ वर्साची हाय. तुमच्यापाशी बसू द्या. मी काई लय मांगून नाई राह्यली."

रात्रभर एकच विचार छळतो आहे. साहेबांपुढे मी नाकाला बोट लावून शब्द सांगितला, तर ते उत्तर सांगणं झालं का? मोठ्या बाई तसंच म्हणतील. पण बाकीच्या मुलींना जो फरक ऐकू येतो, तेवढाच मी हिला दाखवणार. त्याहून जास्त काही नाही. मग ही लबाडी कशी? मी उलटसुलट तपासून पाहिलं. मला त्यात खोट सापडत नाही, आणि तरी भीती जात नाही.

तू गेलीस तिकडे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून या वहीत खरं लिहिते. मला वाटणारी भीती सगळी त्या मुलीसाठी नाही. निम्मी माझ्या नोकरीसाठी आहे. मोठ्या बाई समजतात की नाव निघालं. मी ते काढलेलं नाही, आणि त्यांना तसं सांगितलेलंही नाही. आज शनिवार. परवा सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, सांगेन.