आत आय म्हणायचं नाही

६ जाने., मंगळवार
ओ.जे.टी., म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, सुरू. वडप्याचं गोडाऊन, पॅकिंग सेक्शन. कॉलेजनं जागा दिली ती कुठे, तर आय जिथे खोकी पॅक करते तिथेच! मी तर नाचलेच. आयचं तोंड मात्र उतरलं. पडघ्याच्या टमटममध्ये दम भरला, "आत मना आय म्हनायचं न्हाय. वळख पन दाखवायची न्हाय." का गं? "पॅकिंगवालीची पोर म्हनून तुला कोन मोजंल? तू कॉलेजची हायेस." आणि वर, "ते क्रेडिट का काय ते घेतल्याबिगर सुटायचं न्हाय."
चार क्रेडिट. नाही मिळाले तर शेवटचं सेमिस्टर लटकलं, पदवी लटकली. आमच्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली पहिली मीच, त्यामुळे सगळा पाडा डोळे लावून बसलाय.
गेटवर ती बायांच्या रांगेत, मी गळ्यात कार्ड घालून शेजारून. एकदा मान वळवून बघितलंच तिनं.

८ जाने., गुरुवार
माझं काम चेकिंग. माल म्हणजे लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्या. म्हणून सगळ्यात कडक नियम: टेप कटरनंच कापायची, दातानं नाही. प्रत्येक टेबलाला दोरीनं कटर बांधलाय. आणि बाया? सेक्शनच्या सुपरवायझर सरांची पाठ फिरली की कचाकच दात! त्यात आय महाराणी. तिच्या पुढच्या दातांत फट आहे, तिथे टेप तुटत नाही, मधे शेपटी राहते. ढिगातून तिचा खोका ओळखीन मी.

१० जाने., शनिवार
हिरामावशीचा खोका परत पाठवला. हिरामावशी म्हणजे आयच्या शेजारच्या टेबलावरची, तिची जिवाभावाची. आमचं नातं आत तिलाच काय ते ठाऊक. दाताची टेप होती. शेपटीवालेही आले होते, चांगले तीन-चार. सोडले. काय करणार, हातच उचलवेना.
घरी चूल पेटवता पेटवता आय एकदम, "हिराचा काढलास, माझा सोडलास."
अगं, तू आय आहेस ना माझी...
"आत न्हाय हाय मी तुझी आय! सांगितलं व्हतं ना? आता हिराला काय तोंड दाखवू?"
माझाही पारा चढला. मग दात कशाला लावतेस, कटर काय शोभेला टांगलाय? तर म्हणे, दोरी आखूड हाय, हात पोचत न्हाय. दोघी फुगून झोपलो.

१२ जाने., सोमवार
आज तिचा पहिलाच खोका, शेपटीवाला. मुद्दाम! मला काय कळत नाही? टेबलावर ठेवला आणि हलेचना.
"मॅडम, बघा."
मॅडम!! सगळ्या बायांचे हात थांबले. माझे कान गरम. म्हटलं, "मावशी, टेप परत लावा. कटरनं." स्वतःच्या आयला मावशी! ती निमूट खोका घेऊन गेली. हिरामावशी तोंडाला पदर लावून खो खो हसत होती.
दुपारी डबा उघडला, तर भाकरीखाली बोंबलाची चटणी. मला आवडते म्हणून. बोलत नाही, पण चटणी करते. कशी गं तू.
सरांना सांगून दोऱ्या लांब करून घेतल्या.

१९ जाने., सोमवार
सगळं फुटलं. कशानं, तर डब्यानं!
आय बायांच्यात जेवते, मी सरांच्या टेबलावर, एकमेकींकडे पाठ करून. एवढी खबरदारी. आज सर बायांकडे लोणचं मागायला गेले आणि परत आले ते माझ्या डब्यात बघतच. "काय गं, वालाची भाजी, नाचणीची भाकरी. त्या मावशींचंही हेच. त्या दिवशी बोंबीलसुद्धा दोघींना?" आयला हाक मारली. "मंजू तुमची कोण?"
आय चटकन म्हणाली, "कोन न्हाय, साहेब."
कोण नाही! सकाळी माझी वेणी हिनंच घातली होती. माझ्या भल्यासाठी म्हणाली, कळतं मला. तरी असं लागलं म्हणून सांगू. उठले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "आय हाय ती माझी."
सर वाईट नाहीत. पण चेकिंग आणि पॅकिंगला एका घरातल्या दोघी चालत नाहीत. कॉलेजला कळवावंच लागणार. झालेलं काम क्रेडिटला धरायचं की नाही, ते कॉलेज ठरवणार. तोवर मी घरी.

२० जाने.
आयनं घर डोक्यावर घेतलं. "बुडवलंस! जरा गप बसली असतीस तर जीभ झडली असती?" मग रडली. मग मीही. मग चहा.

२१ जाने., बुधवार
कॉलेजला निघाले, ओ.जे.टी. बघणाऱ्या मॅडमना भेटायला. वडप्यापर्यंत आयबरोबर. टमटममध्ये एका बाईनं विचारलं, कोण ही? आय सावरून बसली. "माझी पोरगी. कॉलेजात हाय. चेकिंगला व्हती. माझा सोताचा खोका परत धाडला तिनं, सगळ्यांम्होरं!" आणि हसली, ती फट दाखवत. मी बाहेर बघत बसले.
ती उतरली, टमटम सुटली. मागून गेटवरच्या रांगेतून आरोळी, "मंजे! मॅडम काय म्हनली ते कळव गं! साहेबाच्या फोनवर कर! सांग, आयला द्या म्हनून!"
सगळी रांग वळून बघत होती.
कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, बघू, वर विचारून सांगते. बस, एवढंच.
बाहेर येऊन सरांना फोन लावला. म्हटलं, सर, मंजू बोलतेय. जरा आयला द्या.