शेवट बदलायचा नाही

बाई, तुमच्या खोलीत आता माझी नात अभ्यास करते, आणि हे लिहून घेतेय तीच. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. मला वाचता येत नाही, तेव्हा आणखी काय काय सुधारते ते तिलाच ठाऊक. आज वह्या आपटत म्हणाली, “आजी, इंग्रजीचे धडे अन् कविता शिकून काय होते? मोबाईल सांगते ना सगळा अर्थ!” मी म्हटलं, पेन घे. ज्यांना विचारायचं त्या गेल्या, पण त्यांच्याशी बोलून तर पाहू.

तुम्ही देवळीच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायच्या आणि आमच्याकडे भाड्यानं राहायच्या. संध्याकाळी मी अंगणात बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले, की तुम्ही पोरींना घेऊन यायच्या. एकेकीला माझ्यासमोर बसवायचं आणि तिनं इंग्रजी धडा मला आपल्या बोलीत सांगायचा, ही तुमची रीत. “वहिनीले समजला तरच तुले आला,” म्हणायच्या. मला समजलं, की मी जुडी टोपलीत टाकून “पास” म्हणायची. आमचे हे दारातून चिडवायचे, “मास्तरीणबाई, चहा भेटन का?” मी म्हणायची, “परीक्षा चालू हाय, बाहेर थांबा.”

एकदा एक पोरगी बर्फाच्या मुलखातल्या म्हातारीची गोष्ट सांगत होती. मुलगा जहाजावर गेलेला, म्हातारी त्याच्यासाठी स्वेटर विणते. माझे डोळे भरलेले पाहिले आणि पोरीचा आवाज एकदम गुळगुळीत झाला. ओढणी सारखी करत भरभर म्हणाली, “अन् मंग पोरगा आला, स्वेटर घातलं, बराबर बसलं!” तुम्ही तिथंच थांबवलं. “खोटं. पोरगा येतच नाई. शेवट बदलायचा नाई. वहिनीले रडू दे.” मला तुमचा असा राग आला, की त्या रात्री तुमच्या भाजीत तिखट जरा जास्तच पडलं. तुम्ही नाक पुसत जेवलात, वर “झकास” म्हणालात.

पण त्या दिवसापासून माझा कान तयार झाला. सांगणारी काही गाळायला लागली, की तिचा आवाज कसा होतो, हात उगाच काय सारखं करतात, हे मला कळू लागलं. इंग्रजीचं अक्षर न शिकता मी तुमच्याकडून एवढं शिकले.

मग तुमचं आजारपण, सावंगीचा दवाखाना. मी मऊ भाताचा डबा घेऊन उभी, आणि तुमच्या खाटेशी डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलतायत. तुम्ही छताकडे पाहत ऐकताय. धड्यातलं एखादं वाक्य पोरींना मान हलवून परत म्हणायला लावायच्या, तशी जराशी मानही हलली तुमची. ते गेल्यावर मी विचारलं, “काय म्हनत होते?”

“आता घरीच जायचं, म्हनते. मेथीची भाजी करून ठेवजा, वहिनी.” आणि चादरीला सुरकुती नव्हती, तिथं तुम्ही हात फिरवत राहिलात.

मोबाईलनं मला खरं सांगितलं असतं, बाई. माझा चेहरा पाहून तो थांबला नसता.

मी तुमचा हात धरून “पास” म्हटलं. तुम्ही हसलात. घरी परत आला नाहीत.

इथं नातीचं पेन थांबलंय. “आजी, त्यायनंच शेवट बदलला,” म्हणते. हो गं. लिही पुढं, नाक मग पूस. कुठं पाठवायचं, असं विचारते. कुठं पाठवणार? राहू दे वहीत. उद्या तिला तिचा धडा घेऊन अंगणात बसवते.

एकच सांगायचं राहिलं. मला समजलं होतं, बाई, सगळं. तरी घरी येऊन मी मेथी निवडून ठेवली.